पिच शिफ्टर

विद्युत् गिटारचा स्वर वादन चालू असतानाच वर-खाली सरकवणारे उपकरण. लय न बदलता केवळ स्वर बदलणे, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण. टेप निम्म्या वेगाने फिरवली तर स्वर सप्तकभर उतरतो, पण तुकडाही दुप्पट लांबतो. तो प्रकार येथे अभिप्रेत नाही. वाजवलेला तुकडा तिथल्या तिथे मुद्रित करून फिरता ठेवणाऱ्या लूपरशी पिच शिफ्टरची सांगड घातली की एकटा वादक थरावर थर चढवू शकतो.

उगमाबाबत एकमत नाही. डेनिस गाबोर यांनी १९४६ च्या सुमारास कंप्रता-बदलाची एक यांत्रिक योजना मांडली. पुढील दशकात फिरत्या टेप-शीर्षांची यंत्रे आली. रॉजर मेयर यांच्या ऑक्टेव्हिया या गिटार-उपकरणाला (सु. १९६७) काही लेखक आद्य स्थान देतात, परंतु त्यात संकेत विकृत करून कंप्रता दुप्पट केली जाते, म्हणून ते वेगळे ठेवणे बरे. इव्हेंटाइड एच९१० (१९७४–७५) हे पहिले यशस्वी अंकीय यंत्र म्हणता येईल. पायाने सप्तक चढवण्याची चाल मात्र डिजिटेक व्हॅमी या पेडलने (सु. १९८९) रूढ केली.

यंत्राच्या स्मृतीत संकेत एका गतीने लिहिला व दुसऱ्या गतीने वाचला जातो. वाचन लेखनाला गाठते तेव्हा उडी मारावी लागते आणि सांध्यावर खरखर येते. इव्हेंटाइडच्याच एच९४९ मध्ये (१९७७) ती बरीच आटोक्यात आली. गिटारच्या जाड तारेचे (सु. ८२ हर्ट्‌झ) एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचे असल्याने खर्जात थोडा विलंब अटळ असतो.

पिच शिफ्टर लूपरच्या आधी जोडल्यास प्रत्येक थर वेगळ्या पट्टीत साठवता येतो, नंतर जोडल्यास सगळे थर एकदम सरकतात. पुनरावर्तनाच्या मार्गातच तो बसवून (म्हणजे प्रत्येक फेरीत स्वर पुन्हा सरकेल असा) सात अर्धस्वरांवर लावला, की षड्जाचा पंचम, त्याचा ऋषभ, मग धैवत, गांधार अशी शिडी आपोआप चढत जाते.

सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या तंबोऱ्याबरोबर (भौगोलिक मानांकन २०२४) हा गांधार खटकतो. खर्जाची तार १२० हर्ट्‌झची असेल तर तिच्यातून उमटणारा गांधार ६०० हर्ट्‌झवर असतो. पेडलचा समविभाजित (सप्तकाचे बारा समान भाग करून येणारा) गांधार ६०४.८ वर. सेकंदाला जवळजवळ पाच विस्पंद (आवाजाचे चढ-उतार) ऐकू येतात, आणि लूप फिरतो तोवर ते फिरत राहतात. याच फरकावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे काम केले व १९१० मध्ये बावीस श्रुतींवर (सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांवर) ग्रंथ लिहिला. या श्रुती वाजवणाऱ्या श्रुति-हार्मोनियमविषयी बडोद्याच्या संगीत परिषदेत (१९१६) वाद झाला. बावीस स्थाने पट्ट्यांवर कायमची पक्की करण्याविषयीचे आक्षेप आजही वजनदार वाटतात.

पेडलमध्ये सेंटने (अर्धस्वराच्या शंभराव्या भागाने) जुळवणी होत असेल तर गांधार १४ सेंट उतरवावा. तशी सोय नसल्यास पेडल पंचम व सप्तकापुरते ठेवावे. पंचमातला फरक जेमतेम २ सेंट असतो. गांधाराचा थर मग हातानेच द्यावा: एक पडदा खालून तार खेचून, तंबोऱ्यात मिळेपर्यंत.