दुसरा राउटर लावण्याआधी हे वाचा

बेळगावच्या शहापूर-वडगावात बऱ्याच घरांमागं विणकामाच्या मागाचं शेड असतं. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडं वायफाय पोचत नाही म्हणून गिऱ्हाईक दुसरा राउटर नेतात, सेटिंगमध्ये ‘आरआयपी’ (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल) दिसतं आणि आमच्या दुकानात फोन येतो, हे चालू करायचं का?

घर आणि शेड एकाच नेटवर्कवर चालणार असेल तर नको. दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी (मोबाईल-कॉम्प्युटरला आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करून घरच्या राउटरकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात (इंटरनेटच्या, म्हणजे वॅनच्या नव्हे) लावा, झालं. शेडचं नेटवर्क वेगळं हवं असेल, तर शेडच्या राउटरचं नॅट (आतले पत्ते एका पत्त्यामागं लपवणं) बंद करून घरच्या राउटरवर एक स्टॅटिक रूट, म्हणजे शेडकडं जायचा कायमचा रस्ता, हातानं लिहिला की भागतं.

भावांची घरं, दुकान, गोडाऊन असे तीन-चार राउटर जोडायचे असतील तेव्हा आरआयपी घ्या, पण सगळीकडं आवृत्ती २. पहिली आवृत्ती सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) पाठवत नाही. आरआयपीची मर्यादा १५ टप्प्यांची (वाटेतल्या राउटरांची) आहे, घराला ती भरपूर झाली. मात्र केबल निघाली तर जुना रूट बाद ठरायला १८० सेकंद लागू शकतात. तेवढं थांबा, लगेच रीसेट बटण दाबू नका. ओएसपीएफ ही रस्ते शोधायची दुसरी पद्धत यापेक्षा चपळ, पण प्रत्येक राउटरला सगळ्या जाळ्याचा नकाशा सांभाळावा लागतो. स्वस्त राउटरात ते बहुधा नसतंच. घरासाठी त्यापायी जास्त पैसे घालू नका, असं आम्ही विकणारेच सांगतो.

खरा घोळ पत्त्यात होतो. बऱ्याचदा दोन्ही राउटर कंपनीतून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात आणि तसेच जोडले जातात. मग कधी नेट चालतं, कधी प्रिंटर गायब, आणि दोष राउटरला. दोन्हीकडं एकच नंबर असला तर कुठलाही प्रोटोकॉल रस्ता शोधू शकत नाही. नेटवर्क वेगळं ठेवणार असाल तर तिसरा आकडा बदला: घरात १, शेडमध्ये २. एकच नेटवर्क ठेवणार असाल तर शेवटचा आकडा बदला, आणि तोही केबल जोडण्याआधी. एवढ्यासाठी आम्ही खानापूरपर्यंत जाऊन आलोय.

म्हणून दुसरा राउटर घेताना जुनाही ॲडॅप्टरसकट घेऊन या म्हणतो. काहींना तो त्रास वाटतो, पण दोन्ही समोर असले की अर्ध्या तासात काम होतं. पत्ता आम्ही मार्करनं राउटरच्या पाठीवर लिहून देतो. आमच्याकडून घेतलेल्या राउटरला या सेटिंगचे पैसे नाहीत. बाहेरून आणलेल्याला थोडे पडतील.