घरातील बालशिस्त

साधारण दीड ते सहा वर्षांच्या मुलाच्या रोजच्या वागण्याला, म्हणजे जेवणे, झोपणे, आंघोळ, खेळणी आवरणे, भावंडांत राहणे यांना घरातल्या मोठ्यांनी वळण लावण्याची रीत. शिक्षा हा तिचा अगदी लहान भाग. कुळागरात (गोव्यातल्या बागायतीत) पाटाचे पाणी माडापोफळींच्या मुळाशी रोज थोडे थोडे वळवावे लागते. एके दिवशी बांध घालून आठवडाभर सोडून दिले तर पाणी आपली वाट धरते. मुलाच्या सवयींचेही तसेच असते. पुढील विवेचनात गोव्यातल्या मराठी घरांचा दिनक्रम समोर ठेवला आहे, कारण शिस्तीच्या बहुतेक अडचणी दिनक्रमातूनच निघतात.

मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी हे वयावर ठरते. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात नुकता घडू लागलेला असतो आणि त्याची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते. दोन वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच काम कळते. ‘पाच मिनिटं थांब’ याला त्याच्या लेखी काही अर्थ नसतो. तिसऱ्या वर्षी ‘चपला काढ आणि हात धू’ इतपत दोन पायऱ्यांचे सांगणे जमते. खेळणे आपणहून वाटून घेणे चौथ्या वर्षाच्या आसपास सुरू होते. त्याआधी ‘दे बघू त्याला’ असा आग्रह धरून मूल दिलदार होत नाही. वस्तू हिसकावली जाते एवढेच ते शिकते. दोन वर्षांच्या मुलाकडून पाच वर्षांच्या समजुतीची अपेक्षा करणे हे घरोघरच्या चिडचिडीचे पहिले कारण आहे.

दिवसाची आखणी

हट्टाच्या वेळा आठवडाभर लिहून ठेवल्या तर बहुतेक घरांत त्या दोन ठिकाणी गोळा होतात: दुपारी शाळेतून परतल्यावर आणि दिवेलागणीनंतर. दोन्हींच्या मुळाशी भूक किंवा अपुरी झोप असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, दुपारची झोप धरून. गोव्यात दुपारी दुकाने बंद होतात, घर निजते, ही मुलाच्या दृष्टीने फार सोयीची गोष्ट आहे. घात होतो तो उशिरामुळे. चार वाजता झोपवलेले मूल सहाला उठते आणि रात्री अकरापर्यंत टक्क जागे राहते. मग सकाळी शाळेसाठी ओढून उठवावे लागते आणि दिवस रडण्याने सुरू होतो. साडेतीनच्या आत उठवले की रात्रीची झोप साडेआठ-नऊपर्यंत येते.

खाण्याचेही तसेच. घरी असलेल्या मुलाला दहा-साडेदहाची उकड्या तांदळाची पेज पोटाला आधार देते. संध्याकाळी साडेपाच-सहाला मात्र पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावासोबत किंवा तांदळाच्या पोळ्यासोबत काहीतरी पोटभरीचे द्यावे आणि रात्रीचे जेवण साडेसात-पावणेआठला उरकावे. मोठे नऊनंतर जेवतात म्हणून मुलाला तोवर बिस्किटांवर ठेवले, की ताटापुढे भूक नसते आणि ‘जेव’ म्हणून भांडण सुरू होते. काय वाढायचे आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, हे मुलाने. नवी भाजी किंवा हुमण (माशांची आमटी) चार घासांपुरते पानात ठेवावे, आग्रह करू नये. नवा पदार्थ आपलासा व्हायला तो आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा पानात यावा लागतो.

जून ते सप्टेंबर हा काळ वेगळा मोजावा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल लागते, त्यातला निदान एक तास धावण्या-उड्या मारण्याचा. पावसाने अंगण बंद झाले की ती ऊर्जा पलंगावर उड्या मारण्यात आणि धाकट्याला ढकलण्यात निघते. सोप्यावर (ओसरीवर) चटई टाकून उशांवरून उड्या, जमिनीवर टाकलेल्या दोरीवरून चालणे, बादलीत चेंडू टाकणे असा अर्धा तास सकाळी आणि अर्धा तास संध्याकाळी ठेवला तर रात्रीची भांडणे स्पष्टपणे कमी होतात.

घराची मांडणी हीसुद्धा शिस्तच. आदोळी (विळी), कोयता, औषधे, मोबाइलचा चार्जर मुलाच्या हाताच्या वर ठेवले आणि बांयवर (विहिरीवर) जाळी घातली, की दिवसातले चाळीस ‘नको’ दहावर येतात. उरलेले दहा मग मूल ऐकते.

सांगण्याची रीत

स्वयंपाकघरातून हाक मारून दिलेली सूचना लहान मूल सहसा ऐकत नाही आणि त्याला उद्धटपणा समजणे चूक आहे. जवळ जावे, खाली बसून डोळ्यांत पाहावे, नाव एकदाच घ्यावे आणि काय करायचे ते सांगावे. ‘धावू नको’ यापेक्षा ‘हात धरून चाल’ हे कळायला सोपे. मग मनात पाचपर्यंत मोजून गप्प राहावे. हे मौनच बहुतेकांना जमत नाही. हालचाल झाली नाही तर तीच सूचना त्याच शब्दांत आणखी एकदा द्यावी आणि हात धरून काम सुरू करून द्यावे. तिसऱ्यांदा सांगण्याची वेळ आली तर आवाज चढतो, आणि आवाज चढल्यावरच उठायचे असते असा धडा मूल घेते.

‘बाय, आंघोळीला जाऊया गो?’ हा प्रश्न आहे. त्याला ‘नको’ हे उत्तर येऊ शकते. ते चालणार नसेल तर विचारू नये. ‘आंघोळीची वेळ झाली. लाल टॉवेल की निळा?’ असे विचारले तर मुलाला निवड मिळते आणि आंघोळही होते. गोव्यातल्या मुलांच्या कानांवर कोकणी, मराठी, इंग्रजी एकाच दिवसात पडतात. त्याने बोलणे बिघडत नाही, पण शिस्तीची सूचना मुलाला सर्वांत जवळच्या भाषेत द्यावी. एरवी कोकणी बोलणारी आई रागावल्यावर इंग्रजीत शिरली तर मुलाला फक्त राग पोचतो.

काम झाल्यावर लगेच, नेमके शब्द वापरून सांगावे: ‘चपला जाग्यावर ठेवल्यास, छान केलंस.’ नुसते ‘शाणो रे’ ऐकायला गोड असले तरी काय केल्यामुळे शाणे ठरलो ते त्यातून कळत नाही. शिवाय रोज दहा मिनिटे मुलाने ठरवलेला खेळ त्याच्या सोबत खेळावा, त्या वेळात न शिकवता, न सुधारता. हा वेळ चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही. त्या दिवशी मारामारी झाली तरी तो काढून घेऊ नये.

हट्ट का वाढतो

दीड ते चार वर्षांत हट्टाने रडणे, जमिनीवर अंग टाकणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा ते काही मिनिटांत ओसरते. ते सवयीचे कसे बनते याचा उलगडा वर्तनशास्त्राने केला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसले, की ज्या कृतीला कधी फळ मिळते आणि कधी नाही, ती सर्वांत चिवट होते. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी १९८२ मध्ये घरातल्या भांडणांचे चक्र मांडले: मूल रडते, मोठा माणूस कंटाळून देतो, रडणे थांबते, मुलाला वस्तू मिळाली, मोठ्याला शांतता. दोघांनाही बक्षीस मिळते, म्हणून दोघेही पुन्हा तेच करतात.

आई ‘मोबाइल नाही’ म्हणते, मूल वीस मिनिटे रडते, आजीच्या पोटात तुटते आणि ती देते. वीस मिनिटे रडल्यावर मिळते, हे त्या दिवशी मूल शिकले. दुसऱ्या दिवसापासून घरच्यांनी ठाम राहायचे ठरवले तर हट्ट आधी वाढतो: तीन-चार दिवस रडणे लांबते, मोठे होते, वस्तू फेकल्या जातात. बहुतेक घरे इथेच हरतात, उपाय उलटला असे समजून. खरे तर हा उपाय लागू पडत असल्याचा टप्पा असतो. याच वेळी हार मानली तर पूर्वीपेक्षा चिवट हट्ट पदरी पडतो. म्हणून चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात, पाहुणे घरात असताना किंवा मूल आजारी असताना असा बदल सुरू करू नये. दोन आठवडे निवांत मिळतील तेव्हाच करावा.

एकत्र घरात नियम मोजके असावेत. तीन पुरेत: कोणाला मारायचे नाही, जेवताना मोबाइल-टीव्ही नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही. मूल झोपल्यावर सर्व मोठ्यांनी बसून ते ठरवावेत. आजीआजोबांचा देण्याचा मान काढून घेऊ नये, त्याला वेळ नेमून द्यावी: सांजवात झाली की लाडू आजीच देणार, आणि रडून मागितला तर आजीही देणार नाही. त्यांचा अधिकार राहतो आणि रडण्याची किंमत जाते.

प्रत्यक्ष हट्टाच्या वेळी इजा होईल अशा वस्तू बाजूला कराव्यात, जवळ बसावे, एकदाच ‘तुला राग आला, मी इथे आहे’ असे म्हणावे आणि समजावणे थांबवावे. त्या क्षणी युक्तिवाद पोचत नाही. शांत झाल्यावर कुशीत घ्यावे, आणि ज्या कामावरून सुरुवात झाली ते पुरे करून घ्यावे. काही मुले रडता रडता श्वास रोखून निळी पडतात. हा प्रकार सहा महिने ते सहा वर्षांत दिसतो, श्वास आपोआप परततो. तोंडावर पाणी मारू नये, हलवू नये, कुशीवर निजवावे. पहिल्याच वेळी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. लोह कमी असणे हे त्यामागचे एक ओळखीचे कारण आहे.

जत्रेतला हट्ट घरी सुटतो, जत्रेत नाही. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत खेळण्यांच्या रांगेपुढे मुलाला समजावणे निष्फळ आहे. निघण्यापूर्वी ‘एक खेळणे आणि एक पुडी खाजे’ असे ठरवावे, जत्रेत शिरण्याआधी मुलाकडून ते वदवून घ्यावे, आणि पाच वर्षांवरील मुलाच्या हातात ठरलेले पैसे द्यावेत. सोबतच्या काका-मावशींनाही आधी सांगावे, नाहीतर दुसरे खेळणे त्यांच्याकडून येते.

परिणाम, भीती आणि मार

सांडले तर पुसायचे, खेळणे फेकले तर ते आजच्या दिवसापुरते वर ठेवायचे: चुकीशी जोडलेला आणि लगेच घडणारा परिणाम लहान मुलाला समजतो. ‘रविवारी समुद्रावर नेणार नाही’ हे मंगळवारी सांगून उपयोग नाही. मारणे, चावणे यांसाठी तीन वर्षांनंतर ‘बाजूला बसवणे’ वापरता येते: वयाच्या दर वर्षामागे एक मिनिट, उजेडात, नजरेसमोर, न बोलता. वेळ लांबवणे, बसवून भाषण देणे आणि दिवसातून दहादा वापरणे या तीन चुकांनी ते निकामी होते. अंधाऱ्या खोलीत कोंडणे ही शिस्त नव्हे, छळ आहे.

देवचार नेईल, पोलीस धरील, डॉक्टर सुई टोचील ही भीती क्षणभर काम करते. तिची किंमत पुढे मोजावी लागते: रात्रीची दचक, लसीकरणावेळचा आकांत, आणि गर्दीत हरवलेले मूल मदतीसाठी पोलिसाकडे न जाता लपून बसणे. दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुराचा पुतळा दोन-तीन वर्षांच्या मुलाला खरोखरच भयंकर वाटतो. तो गवत-कागदाचा बनत असताना दिवसा दाखवावा, आणि नंतर वर्षभर त्याचे नाव धाकासाठी घेऊ नये.

मारलेले मूल त्या क्षणी थांबते म्हणून मारणाऱ्याला उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण मारामुळे पुढे मुलाचा आक्रमकपणा आणि खोटे बोलणे वाढते. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच भय आणि मार यांविरुद्ध भूमिका घेतली होती. २००३ च्या गोवा बाल कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती देशभर लागू केली. घरातल्या क्रूर वागणुकीला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ लागू होते. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

तज्ज्ञांकडे केव्हा

हट्ट नेहमीच अर्ध्या तासाहून लांबत असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले बोलणे गेले असेल, तर शिस्तीचे प्रयोग थांबवून आधी श्रवण आणि विकास तपासून घ्यावा. ऐकू कमी येणारे मूल ‘ऐकत नाही’ म्हणून मार खाते, हे अजूनही घडते. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभाग आहे. जाण्यापूर्वी सात दिवस एक वही ठेवावी: किती वाजता घडले, त्याआधी काय चालले होते, किती मिनिटे टिकले, आणि थांबवण्यासाठी कोणी काय दिले. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरावा. डॉक्टरांना सर्वांत उपयोगी तोच पडतो.