आडून बोलणं आणि पॉइंटरचं इनडायरेक्शन

सासू लेकीला म्हणते, "आज भरितात मिरची फार झाली गं." भरीत केलंय सुनेनं. लेकी बोले सुने लागे, तो हा प्रकार. अशा आडून बोलण्याला इंग्रजीत इनडायरेक्शन म्हणतात. सी या प्रोग्रामिंग भाषेत पॉइंटर म्हणजे दुसऱ्या किमतीचा मेमरीतला पत्ता ठेवणारी जागा; त्यातून किंमत काढणं हेही इनडायरेक्शनच. नाव एक असल्यानं नवशिक्यांना वाटतं, पॉइंटरही काहीतरी झाकून ठेवतो. मुळीच नाही.

सासूच्या वाक्यात मजकूर आहे, पत्ता नाही. टोमणा कोणाला, हे सुनेनं सुरावरून ओळखायचं. वाद झालाच तर "मी हिला बोलले" म्हणून अंग काढून घेता येतं. आडून बोलण्यामागे बहुतेकदा ही सोयच असते. सुनेच्या ध्यानात आलं नाही किंवा शेजारणीनं स्वतःवर ओढून घेतलं, की सगळं फसतं.

पॉइंटरचं नेमकं उलट. पत्ता पक्का, किंमत ऐनवेळी कळणार. केळीचा सौदा "कापणीच्या दिवशी रावेरच्या बाजारात जो भाव असेल तो" असा ठरला, तर चिठ्ठीवर आकडा नसतो. पण आकडा कुठे पाहायचा यात शंका नसते.

'भाव' या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मेमरीतल्या नाव दिलेल्या जागेत, 1500 ठेवा. 'प्रत = भाव' लिहिलं की 1500 प्रतमध्ये उतरतात. 'दर = &भाव' लिहिलं की दर या पॉइंटरमध्ये फक्त भावचा पत्ता जातो; 64 बिट मशीनवर तो साधारणपणे 8 बाइटचा. आता भाव 1700 करा. प्रत 1500वरच राहते, *दर, म्हणजे दरमधल्या पत्त्यावरची किंमत, मात्र 1700 देतो. * ही खूण विसरून नुसतं दर छापलं तर भाव येत नाही, पत्ता येतो.

मशीन सूर ओळखत नाही, दिलेल्या पत्त्यावर जातं. पत्ता नल, म्हणजे कुठेच न नेणारा रिकामा, असेल तर प्रोग्राम बहुधा तिथेच कोसळतो. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 साली अल्गॉल डब्ल्यू या प्रोग्रामिंग भाषेत नल आणला आणि पुढे त्यालाच स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. तरी नल परवडला, निदान चूक लगेच दिसते. खरा त्रास लटकत्या पॉइंटरचा: मेमरी फ्री केली, म्हणजे काम झालं म्हणून सोडून दिली, पण पॉइंटरमधला पत्ता तसाच राहिला. जुनी किंमत काही वेळ बरोबरही दिसते, मग त्या जागी दुसरा डेटा येतो आणि भलताच आकडा हाती लागतो. म्हणून फ्री केल्याबरोबर पॉइंटर नल करा. त्याच पत्त्याच्या प्रती इतर पॉइंटरमध्ये असतील तर त्या आपोआप नल होत नाहीत. त्याही शोधून काढाव्या लागतात.