कापड आटतं कशानं?

मावशीला शिवून दिलेला माझा पहिला ब्लाउज एका धुण्यात फसला. वरचं कापड पॉलिस्टरचं, आत सुती अस्तर. शिवला तेव्हा चापूनचोपून बसला होता. पुढच्या खेपेला ती परभणीहून आली ती ब्लाउज पिशवीत घालूनच. टकांच्या आजूबाजूला वरचं कापड फुगलेलं, काखेतली शिवण ओढलेली. "अस्तर भिजवलं नव्हतंस ना गं लेकरा?" एवढंच म्हणाली.

नव्हतं भिजवलं.

सुती कापड आटतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पाण्यानं तंतू आखूड होतो, असं आपण धरून चालतो, ते चूक. कापसाचा तंतू पाण्यात उलट फुगतो. लांबीला जेमतेम, जाडीला मात्र चांगलाच. कापडात उभा धागा, म्हणजे ताणा, आडव्या बाण्याच्या खालून-वरून जातो. बाणा जाड झाला की त्याला वळसा घालायला ताण्याला जास्त लांबी लागते. ती आणायची कुठून? धागा तर तेवढाच. मग सगळं कापडच जवळ ओढलं जातं. पिळाच्या दोरीचंही असंच काहीसं होतं. अंबाडीच्या दोरीनं विणलेली बाज पावसात भिजली की कशी ताठते, ते आठवा.

त्यात मागावर ताणा खळ लावून ताणून धरलेला असतो. पहिल्या पाण्यात खळ निघते, ताण सुटतो. म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. साध्या दमट हवेत १०० ग्रॅम कापूस सात-आठ ग्रॅम पाणी धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. मावशीच्या ब्लाउजमध्ये आतलं आटलं, बाहेरचं जागचं हललं नाही. फुगा येणारच.

किती आटेल याचा अंदाज घरी काढता येतो. कापडाच्या कोपऱ्यात किनारीला समांतर ५० सेंटीमीटरची रेघ पेन्सिलीनं मारा, धुऊन वाळवून पुन्हा मोजा. ४७ भरली तर ६ टक्के आटलं, म्हणजे दोन मीटरमागे १२ सेंटीमीटर गेले. नुसतं बुडवून काढणं पुरत नाही. चोळून, पिळून, शक्यतो दोनदा. पैठणीचा ब्लाउजपीस मात्र बादलीत घालू नका, तिथं फक्त अस्तराला पाणी दाखवायचं.

ज्या लातुरात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला "कापड आधी दोनदा धू" सांगणं माझ्याही जिवावर येतं. मी महिन्याभराची अस्तरं एकदम भिजवते, रंग जाणारी वेगळी. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपसूक तापलेलं असतं, त्यात कापड लवकर आटतं. उरलेलं पाणी फरशीला.

आजीच्या वाकळी इतक्या सपाट का राहत, हे मला ब्लाउज फसल्यावर कळलं. तिच्या वाकळीत जुनी लुगडी असत, शंभरदा धुतलेली. त्यांचं आटायचं होतं तेवढं आटून झालेलं. हल्ली आपण हौसेनं बाजारातलं कोरं कापड वरून लावतो आणि पहिल्या धुण्यातच धावदोऱ्यामधल्या जागा चुण्यांनी भरतात. (कुणाला त्या आवडतात. मला नाही.)

उरेब कापाचं मात्र वेगळं. तिथं पाण्याआधी वजन काम करतं. तिरक्या कापात ताणा-बाण्याचा चौकोन खिळखिळ्या बाजेसारखा कलंडतो, म्हणून उरेब पट्टी गळ्याला चुणी न पडता वळते, आणि म्हणूनच उरेब घागऱ्याचा घेर लोंबून खाली येतो. एक रात्र टांगून ठेवा, मग खालची दुमड मारा.

मावशीचा ब्लाउज शेवटी उसवला. जुनं अस्तर कागदी कापावर ठेवून पाहिलं, तर पाठीच्या लांबीत बोटभर कमी भरलं. नवं दोनदा धुऊन लावलं. इस्त्री करताना वरच्या पॉलिस्टरवर गरम इस्त्री टेकली, ते वेगळंच.