जनगणनेत सांगितलेलं इन्कम टॅक्सवाल्यांकडे जातं?

'घरात गाडी, एसी आहे असं प्रगणकाला सांगू नका; माहिती थेट आयकर खात्याकडे जाते, रेशनकार्डही रद्द होतं.' हा फॉरवर्ड अधूनमधून फिरतो. भीती समजण्यासारखी आहे. दारात वही घेऊन आलेला माणूस सरकारी, आणि प्रश्न घरातल्या वस्तूंचे.

पण जनगणना कायदा, 1948 काढून कलम 15 वाचा. जनगणनेच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि कोणत्याही दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणून चालत नाहीत. फौजदारीतही नाहीत, अपवाद फक्त जनगणनेशी संबंधित गुन्ह्यांचा. परवानगीशिवाय माहिती फोडणारा प्रगणक कलम 11 खाली स्वतःच गुन्हेगार ठरतो. प्रसिद्ध होतात ते गावाचे, वॉर्डाचे एकत्रित आकडे.

आता प्रश्नच बघा. 2011 च्या घरयादीत, म्हणजे जनगणनेच्या पहिल्या फेरीत, बँकेबद्दल 'बँकसेवा वापरता का', एवढंच विचारलं होतं. खाते क्रमांक किंवा शिल्लक नाही. त्या वर्षीचे छापील तक्ते उघडून पाहा, एका तरी कुटुंबाचं नाव सापडतं का.

उत्तर देणं मात्र कलम 8 प्रमाणे बंधनकारक आहे. त्यातही एक गंमत: रूढीमुळे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईवर ते सांगायची सक्ती नाही! उखाण्यांच्या मुलखात ही सवलत पटकन कळेल.

मोजणीतून लोक किती आणि कुठे निसटतात तेही तपासलेलं आहे. 2011 नंतरच्या पडताळणी सर्वेक्षणात हजारी सुमारे 23 माणसं मोजायची राहून गेल्याचं दिसलं, आणि शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त होतं.