बिलात नवा एक्सल नट का?

पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं किंवा ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) बाहेर काढला, की आमच्या बिलात 'एक्सल नट, नवा' अशी एक ओळ असते. 'जुना चांगला होता की, तोच का नाही लावलात?' असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

चाकाच्या मधोमध, या शाफ्टच्या टोकावर बसणारा हा नट साधा नाही. त्याच्या बाहेरच्या टोकाला पातळ कॉलर असते आणि शाफ्टच्या आट्यांमध्ये एक उभी खाच असते. नट आवळून झाला की कॉलरची कड पंचाने त्या खाचेत ठोकून बसवतात. मग गाडी खड्ड्यांतून कितीही हादरली तरी नट मागे फिरत नाही. काही गाड्यांत हेच काम स्प्लिट पिन करते.

नुकसान होतं ते बहुतेक वेळा खोलताना. ठोकलेली कड वर न उचलता थेट एअर गन (हवेच्या दाबावर नट फिरवणारं यंत्र) लावली, तर नट निघतो, पण ती कड शाफ्टचे आटे खरवडत येते. मग नटाच्या कितीतरी पट पैसे शाफ्टवर जातात. आम्ही आधी बारीक छिन्नीने कड पूर्ण उचलतो, खाच साफ करतो आणि मगच सॉकेट लावतो. नट ढिला असताना चाकावर गाडीचं वजन येऊ देत नाही, कारण बेअरिंगला आवळून धरणारा तोच असतो.

एकदा वाकवून सरळ केलेली कड त्या जागी कमजोर होते. जुना नट पुन्हा आवळला की बहुधा तीच जागा खाचेसमोर येते. तिथे दुसऱ्यांदा ठोकलं की चीर पडते. गेल्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आली होती. दुसरीकडे बेअरिंग बदलून तीन महिने झाले होते आणि चाकातून पुन्हा घूं घूं आवाज येत होता. टोपी काढली तर नट जुनाच, कड अर्धी फाटलेली, आणि तो साध्या पान्याने सहज फिरला. नवं बेअरिंग वाया गेलं होतं. तेव्हापासून नव्या नटाशिवाय आम्ही हे काम हाती घेत नाही.

आवळणं अंदाजाने करायचं नाही. चाकाचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन मीटरला आवळतात. लहान गाड्यांचा एक्सल नट मात्र अनेकदा 175च्या पुढे जातो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घेतो आणि टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळतो. एअर गनने शेवटचा आवळा देणं आम्हाला मान्य नाही. ठोकताना पंच गोल टोकाचा वापरतो. धारदार छिन्नीने कड फाटते. शेवटी कडेला चीर नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहतो.

काही मोटारसायकलींच्या क्लचमध्येही असाच ठोकलेला नट असतो. तिथेही हीच पद्धत.

गाडी न्यायला याल तेव्हा चाक बसवण्याआधी नवा नट दाखवायला सांगा. कड खाचेत नीट बसलेली डोळ्यांना दिसते. जुना नट पिशवीत घालून तुमच्या हाती देऊ.