पाठपुरावा कोणाचा आणि कोणाकडे?

'अखेर पाठपुराव्याला यश' हा मथळा मराठी वाचकाच्या डोळ्यांना सरावाचा आहे. रस्ता मंजूर झाला की चौकात फ्लेक्स लागतो. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरा लागतो आणि दोन्हींवरच्या मंडळींच्या मते पाठपुरावा त्यांनीच केलेला असतो. श्रेय कोणाचे हा वाद बाजूला ठेवू. मुळात हा शब्द या अर्थाचा नव्हता, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या कोशांत पाठपुरावा म्हणजे पाठबळ, साहाय्य, कैवार. कोणी एखादी बाजू मांडतो, दुसरा त्याच्या पाठीशी उभा राहतो, तो पाठपुरावा. 'विधवाविवाहाचा पाठपुरावा केला' असे आपण एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांबद्दल आजही लिहितो, तेव्हा फाइल कुठे अडकली हे पाहायला ते कचेरीत चकरा मारत होते असा अर्थ कोणी घेत नाही. त्यांनी त्या मताची कड घेतली, एवढेच.

मग फाइलीच्या मागे लागण्याला हा शब्द कसा चिकटला? महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर राज्याचा कारभार मराठीत आणायचा तर टिप्पणीला, स्मरणपत्राला, मुदतवाढीला मराठी शब्द हवे होते. एका पत्रावर न थांबता दुसरे, तिसरे पाठवत राहण्याच्या कामालाही नाव हवे होते. 'तगादा'ला सावकारीचा वास, 'पिच्छा' अपमानकारक, 'मागे लागणे' घरगुती. उरला तो सभ्य, भारदस्त पाठपुरावा. ही निवड चुकली असे म्हणणारे आहेत. कैवाराचा शब्द चकरांना दिल्याने दोन्हींची धार गेली, अशी त्यांची तक्रार. मला ती निम्मीच पटते. एखाद्या मागणीसाठी वर्षभर खेटे घालणारा माणूस त्या मागणीच्या पाठीशीच उभा असतो, त्यामुळे अर्थाने उडी मारलेली नाही, तो सरकत गेला आहे.

खरा बदल व्याकरणात दिसतो. जुन्या वापरात पाठपुरावा नेहमी कशाचा तरी असे: मताचा, पक्षाचा, माणसाचा. नव्या वापरात तो कोणाकडे तरी होतो: तहसील कार्यालयाकडे, महापालिकेकडे, विमा कंपनीकडे. 'चा' असेल तर बहुधा कैवार, 'कडे' आले की चकरा. 'मागणीचा पाठपुरावा शासनाकडे केला' या वाक्यात दोन्ही पिढ्या एकत्र नांदतात, म्हणून ते कोणाच्या कानाला खटकत नाही. खटकते ते 'रुग्णांचा पाठपुरावा'. आरोग्याच्या माहितीपत्रकात त्याचा अर्थ असतो उपचारानंतर रुग्णाची पुन्हा पुन्हा विचारपूस. जुन्या कानाला ती रुग्णांची तरफदारी वाटते आणि नव्या कानाला, रुग्णांनी जणू काही थकवले आहे.

शब्दाचा दुसरा भाग 'पुरवणे' त्याहून मजेदार आहे. लाड पुरवायचे, हट्ट पुरवायचा, डोहाळे पुरवायचे. संतांच्या अभंगात लेकरू आळी करते आणि माउली ती पुरवते. सगळे मायेचे. आणि हेच क्रियापद 'पिच्छा'शी जोडले की समोरच्याला पळता भुई थोडी होते. पण मूळ एकच. पुरणे म्हणजे पूर्ण होणे, शेवटापर्यंत पोचणे. लाड पुरवताना इच्छा शेवटास जाते, पिच्छा पुरवताना मागे लागणे शेवटास जाते, मधे सुटत नाही. परीक्षेतली 'पुरवणी'ही याच घरातली. आणि पाठही दोघांना एकच पडते. पाठीशी असतो तो आधार, पाठीस लागतो तो ससेमिरा. फरक फक्त प्रत्ययाचा.

तगादा अरबी-फारसीतून आला. हिंदीत त्याचा 'तकाजा' झाला, आपल्याकडे 'तगादा'. आज त्याचा अर्थ फोनवर फोन असा उरला असला तरी पेशवाईत ती वसुलीची सर्रास चालणारी रीत होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर, पुढच्याच वर्षी नव्या इंग्रज राजवटीसाठी जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला गेला, त्यात या रीतीचे वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल तर त्याला घराबाहेर पडू द्यायचे नाही, जेवू द्यायचे नाही, उन्हात बसवायचे. तो वरचढ असेल तर आधी विनवण्या, अब्रूची आठवण आणि मग त्याच्या दारात ठाण मांडणे. हेच धरणे. आता धरणे म्हटले की मंडप आणि घोषणा डोळ्यांपुढे येतात, पण १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ खाली दिलेले उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्याचेच होते. गुन्हा बसण्याचा नव्हता, आपण बसल्याने समोरच्यावर देवाचा कोप होईल असे भासवण्याचा होता.

ससेमिरा या सगळ्यांत निराळा, कारण या शब्दाला मुळात अर्थच नव्हता. त्याचा सशाशीही संबंध नाही. सिंहासनबत्तिशीतल्या कथेत वाघाच्या भीतीने एक राजपुत्र झाडावर चढतो. तिथले अस्वल त्याला आसरा देते. वाघ खालून सांगतो, माणसाला खाली ढकल. अस्वल नकार देते. मग अस्वल झोपल्यावर वाघ तेच राजपुत्राला सांगतो आणि हा ढकलतो. फांदी धरून वाचलेल्या अस्वलाच्या शापाने राजपुत्राला वेड लागते आणि तो 'ससेमिरा, ससेमिरा' एवढेच बडबडत फिरतो. पुढे पडद्याआडून चार श्लोक म्हटले जातात. पहिला 'स'ने सुरू होतो, बाकीचे 'से', 'मि' आणि 'रा'ने. एकेक श्लोक संपला की बडबडीतले एकेक अक्षर गळते: सेमिरा, मिरा, रा, आणि मग शुद्ध. सतत तेच ते, सुटका नाही, एवढाच धागा घेऊन मराठीने हा शब्द उचलला. आज तो बातम्यांत 'चौकशीचा' या शब्दाला जोडूनच येतो. गंमत म्हणजे कथेत ससेमिरा लागतो तो विश्वासघातक्याला. बातमीत मात्र तो ज्याला लागतो त्याच्याविषयी थोडी कणवच सूचित होते, आणि वार्ताहर हा शब्द कोणासाठी वापरतो यावरून त्याचा कल ओळखता येतो.

गेल्या काही वर्षांत वाद आहे तो 'पाठलाग'चा. २०१३ च्या दुरुस्तीने दंड संहितेत कलम ३५४-ड आले. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही वारंवार मागे जाणे, संपर्क साधणे किंवा ती इंटरनेट, ईमेल कसे वापरते यावर नजर ठेवणे हा गुन्हा ठरला. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ७८ झाले. (नव्या संहितेत ३५४ हा आकडा गेला कुठे? देवाच्या कोपाची भीती घालण्याच्या त्या जुन्या गुन्ह्याकडे.)

मराठी बातम्यांनी यासाठी 'पाठलाग' घेतला. तो अपुरा आहे. पाठलागाला पाय लागतात आणि शेवटही असतो: चोर सापडतो किंवा निसटतो, पाठलाग संपतो. कायद्याला अभिप्रेत असलेली गोष्ट नकारानंतरही संपत नाही, तिच्यासाठी 'पिच्छा पुरवणे' तयारच होते. पण तो वाक्प्रचार चेष्टेतही चालतो, म्हणून गंभीर बातमीला नको वाटला असावा. शिवाय घरात बसून कोणाचे तरी खाते रात्रंदिवस न्याहाळणाऱ्याला दोन्ही शब्द लागू पडत नाहीत. त्याच्यासाठी 'पाळत' हा शब्द आहे, पण कानाला ती पोलिसांची वाटते. त्यामुळे बातमीत 'ऑनलाइन पाठलाग' छापून येते आणि बोलताना लोक सरळ 'स्टॉकिंग' म्हणतात.